लंकेहून आलेले तीन फोन

चौतीस वर्षं मी लोकांचं बोलणं ऐकलं आणि सरकारनं मला त्याचा दरमहा पगार दिला. एवढंच सांगितलं की लोक खुर्ची जरा पुढे ओढतात. मग मी टेलिफोन ऑपरेटर होते असं म्हटलं की पुन्हा मागे सरकतात. हल्लीच्या मुलांना तर ऑपरेटर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. माझ्या नातीनं विचारलं, "म्हणजे आजी, तू ॲप होतीस का?" मी हो म्हणून टाकलं. वेळ वाचला.

पण दिवाळी अंकाच्या वाचकांना असं गुंडाळता येणार नाही, तेव्हा नीट सांगते. मी वाशीच्या एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हा वाशी अगदी नवी होती. खाडीवरचा पूल झाला होता, इमारती उभ्या राहिल्या होत्या, रस्ते पुढच्या पन्नास वर्षांच्या हिशेबानं रुंद केले होते आणि त्यांवर कुत्री निवांत झोपत होती. आमचं एक्स्चेंज एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर. भिंतीला लागून उंच लाकडी बोर्ड, त्यात ओळीनं भोकं, समोर टोकाला पितळी पिना असलेल्या दोऱ्या. डोक्यावर हेडफोन चढवायचा, एका भोकात एक पिन, दुसऱ्या भोकात दुसरी, की झाली माणसाची माणसाशी गाठ. परगावचा फोन म्हणजे ट्रंक कॉल. तो आमच्याकडे नोंदवायचा आणि वाट पाहत बसायचं. साधा असेल तर जेवण होईपर्यंत, अर्जंट असेल तर चहा होईपर्यंत. लाइटनिंग म्हणजे विजेसारखा, पण आमची वीजही कधीकधी तासाभरानं पडायची. प्रत्येक कॉलचं एक तिकीट, म्हणजे तळहाताएवढी चिठ्ठी. कुठून, कुणाला, किती वाजता, सगळं त्यावर पेन्सिलीनं लिहायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक रिटायर्ड आजोबा होते, ते अंतराच्या मानानं आवाज लावायचे. पुण्याशी साधं बोलत, नागपूरला ओरडत आणि दिल्लीचा कॉल असला की आमच्या मुली आधीच हेडफोन कानावरून सरकवून ठेवत. सारसोळ्याचे म्हात्रे म्हणून एक होते. जमिनी गेल्या, पैसे आले, त्यात त्यांनी फोन घेतला. पण फोन करायचा कुणाला? सगळे नातेवाईक हाकेच्या अंतरावर. मग ते रोज सकाळी नऊला आम्हालाच लावायचे.

"बाय, फोन चालू हाय ना?"

"हाय."

"बरा हाय." आणि ठेवून द्यायचे. एक दिवस त्यांचा फोन आला नाही, तर मीच त्यांना लावला. म्हणाले, "आज इसरलो गं बाय. जेवलीस काय?" अशी माणसं होती म्हणून त्या नोकरीत केस पांढरे झाले तरी डोकं शाबूत राहिलं.

आता मुद्द्यावर येते. ट्रंक कॉलमध्ये पीपी म्हणून एक प्रकार होता. म्हणजे ठरावीक माणसालाच द्यायचा फोन. तुम्ही सांगायचं, अमक्या नंबरवर अमके साहेब हवेत. आम्ही नंबर लावायचा, साहेब आहेत का विचारायचं. असतील तर बोलणं सुरू आणि बिलही सुरू. साहेब नसतील तर कॉल रद्द, आणि बोलण्याचे पैसे नाहीत. सरकारनं ही सोय सद्‌हेतूनं केली होती. पण आपल्या मध्यमवर्गाला सद्‌हेतू दिला की तो त्यातून काहीतरी काढतोच.

वाशीतल्या घराघरांनी काढलेली युक्ती अशी. मुलगा सोलापूरला पोचला की त्यानं घरच्या नंबरावर पीपी कॉल करायचा आणि या जगात नसलेल्या एखाद्या माणसाचं नाव मागायचं. घरच्यांनी म्हणायचं, "असं कोणी इथे राहत नाही." कॉल रद्द. पण घरच्यांना कळलं की पोरगा पोचला, आणि पोराला कळलं की घरच्यांना कळलं. एक पैसा खर्च नाही. सेक्टरच्या सेक्टर हे करत होता. लग्न ठरलं की एक नाव, पोरगा झाला की दुसरं, पोरगी झाली की तिसरं.

मला याचा भयंकर राग. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची, नुकतीच ट्रंक बोर्डावर आलेली आणि सरकारची लाज राखायची सगळी जबाबदारी आपल्यावर आहे असं मानणारी. फोन होते मोजके. कुठल्या नंबरावर कोण राहतं, कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या सासूबाई देशावर गेल्यात, हे मला पाठ. खोटं नाव मी वासावरून ओळखायचे. मग मी एक स्वतःची पद्धत काढली. असा कॉल आला की मी घंटी वाजवायचेच नाही. पलीकडच्या ऑपरेटरला परस्पर सांगायचे, "असं कोणी तिथे राहत नाही, रद्द करा." बसा म्हणावं आता, घ्या फुकटचे निरोप! बोर्डावरच्या मुली मला सीआयडी म्हणायच्या. मला ते आवडायचं, हेही कबूल करते.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या जवळच्याच सेक्टरात सामंत म्हणून कुटुंब राहत होतं. मूळचे कुडाळकडचे. अण्णा सामंत गिरणीच्या ऑफिसातून रिटायर झालेले, सामंतकाकू घरात, आणि एकुलता एक मुलगा अविनाश ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. वय तेवीस. त्यानं दोन वर्षं पैसे साठवले आणि जाहीर केलं की मी श्रीलंकेला जाणार. कामाला नाही, शिकायला नाही, नुसतं हिंडायला. त्या काळी आमच्याकडे परदेशी जायचं ते नोकरीला किंवा ऑपरेशनला. नुसतं हिंडायला, तेही एकट्यानं, आणि तेही लंकेत! काकूंनी त्याला रामेश्वरपर्यंतच जा असं सुचवून पाहिलं. देवदर्शनही होईल आणि समुद्रही दिसेल म्हणाल्या. पण तो मद्रासला गेला, रामेश्वरला बोटीत बसला आणि पलीकडे उतरला.

जायच्या आधी अण्णांनी टाइपरायटरवर एक कागद तयार केला. तीन प्रती, कार्बन घालून. एक अविनाशच्या खिशात, एक घरी आणि एक समोरच्या ब्लॉकमधल्या घैसासांकडे, कारण फोन घैसासांचा. कागदावर असं होतं: त्रिंबक नाडकर्णी म्हणजे खुशाल आहे. दामोदर नाडकर्णी म्हणजे मुक्काम वाढवतोय. गजानन नाडकर्णी म्हणजे आजारी आहे, पण व्यवस्था झाली आहे, काळजी नको. चौथा वामन नाडकर्णी होता, पैसे पाठवा म्हणून, पण त्याच्यावर अण्णांनी काट मारली होती. असा मार्गच ठेवायचा नाही, म्हणाले.

पहिला कॉल मद्रासहून आला, तेव्हा बोर्डावर दुसरी मुलगी होती. तिनं रीतसर घंटी वाजवली. ठरलं असं होतं की नाव ऐकून घैसासांनीच उत्तर द्यायचं, पण संध्याकाळी सहापासून काकूच घैसासांच्या दारातल्या स्टुलावर बसलेल्या. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि पूजेत संकल्प सांगावा तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "त्रिंबक नाडकर्णी इथे राहत नाहीत!" घैसासांनी सगळ्यांना चहा केला. हे मला पुढे कळलं.

नंतरच्या आठवड्यात माझी दुपारची पाळी लागली. सोमवारी कॉल आला, कँडीहून, मद्रासमार्गे. घैसासांचा नंबर, माणूस त्रिंबक नाडकर्णी. मी मनात म्हटलं, घैसासांकडे कसला आलाय नाडकर्णी! रद्द. बुधवारी पुन्हा, न्युवारा एलिया नावाच्या गावाहून. पुन्हा त्रिंबक. रद्द. गुरुवारी बंदारवेला म्हणून आणखी कुठूनसा, आणि या वेळी गजानन नाडकर्णी. मी मद्रासच्या ऑपरेटरला हसत हसत म्हटलं की या माणसाला एका नाडकर्ण्यानं भागत नाही, आता भावाला शोधतोय. तीही हसली. रद्द. तिकिटं फायलीत टाकली आणि आम्ही भजी मागवली.

इकडे सामंतांच्या घरात काय चाललं होतं, ते मला ठाऊक नव्हतं. लंकेत पाऊल ठेवल्यापासून पोराचा निरोप नाही. काकू संध्याकाळी सहाच्या ठोक्याला स्टुलावर बसत आणि घैसासांच्या घरात निजानीज व्हायला लागली की उठत. कँडीचा लॉज अविनाशनं निघण्याआधीच पत्रानं ठरवला होता, गुरुवारी अण्णांनी तिथे तार केली. शुक्रवारी उत्तर आलं, पाहुणा मंगळवारीच गेला, कुठे ते माहीत नाही. झालं, सेक्टरभर बातमी, अविनाश लंकेत हरवला. अण्णा पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी आस्थेनं विचारपूस केली आणि सांगितलं, "काका, समुद्राच्या पलीकडं आपली हद्द नाय. बेलापूरपर्यंत असता तर आत्ता शोधला असता." सोसायटीच्या बायकांनी मारुतीचा फोटो मांडून स्तोत्रं सुरू केली. लंकेतला माणूस शोधायचा म्हटल्यावर मारुतीइतका अनुभवी दुसरा कोण? सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले की तिकडे लग्न केलं असेल, टेन्शन घेऊ नका. त्यानंतर काकूंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला मी बोर्डावर बसतेय तोच सुपरवायझर कर्णिकबाई म्हणाल्या, खाली काउंटरवर कोणी आलंय, जरा बघ, फार गोंधळलेत. मी खाली गेले. पांढऱ्या शर्टातले अण्णा आणि नऊवारीतल्या काकू. काकूंचे डोळे सुजलेले.

"लंकेला फोन लावायचा आहे. लाइटनिंग," अण्णा म्हणाले.

"कुणाला?"

"आमच्या मुलाला."

"नंबर?"

"तोच तर माहीत नाही."

मी जराशी वैतागले. तेव्हा काकू पुढे झाल्या. "सा दिवस झाले, माझ्या झिलाचो फोन नाय. मद्रासचो इलो तो शेवटचो. खय गेलो तो, तुमकाच ठाऊक असतला. सगळे फोन तुमच्याच हातसून जातत ना?"

"फोन म्हणजे तसा फोन नाही," अण्णा ओशाळून म्हणाले. सरकारी बाईसमोर सरकारला फसवल्याचं सांगायचं, त्यांच्या जिवावर आलं होतं. पण मुलगा मोठा की अब्रू? त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला. "या नावांनी करायचा ठरलं होतं."

मी कागद वाचला. त्रिंबक. दामोदर. गजानन.

मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. खरं सांगते, पहिला विचार आला तो असा की हे कुणालाही कळणार नाही. रद्द तिकिटं महिनाअखेर बांधून वरच्या माळ्यावर जातात, ती कोण उघडतंय? मी गप्प राहिले असते, एखादा कॉल लावून दिला असता, तर आजतागायत सीआयडीच राहिले असते. दुसरा विचार आला तो मात्र काकूंच्या तोंडाकडे बघून. मी वर गेले, तिन्ही तिकिटं काढली, खाली येऊन कागदाशेजारी ठेवली.

"काकू, फोन आले होते. तीन."

"कधी?"

"सोमवारी, बुधवारी, गुरुवारी. मी जोडले नाहीत. नाव खोटं आहे हे ओळखलं आणि परस्पर तोडले."

अण्णांना आधी आनंदच झाला. "म्हणजे आहे! गुरुवारपर्यंत आहे!" मग त्यांनी तिसरं तिकीट डोळ्यांजवळ नेलं, गजानन वाचलं आणि बाकावर बसले. लंकेत, कुठल्याशा डोंगरातल्या गावात, आजारी, एकटा.

काकू माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं आता काही तरी फेकून मारणार. त्या म्हणाल्या, "तुझ्याशी मागसून भांडतलंय. आधी फोन लाव."

मी वर धावले. आता तिकिटावर बोलावणाऱ्याचा नंबर लिहायची पद्धत असते. पण मी रद्द करायच्या घाईत फक्त गावाचं नाव खरडलं होतं. बंदारवेलात टेलिफोन किती, कुणास ठाऊक. मी कर्णिकबाईंना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्या एरवी एका तिकिटावरच्या खाडाखोडीसाठी अर्धा तास बोलायच्या. त्या वेळी फक्त म्हणाल्या, "शेजारचा बोर्ड मी बघते. तू हाच कर."

बाहेरच्यांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. गिऱ्हाइकांच्या फोनांच्या आड ऑपरेटरांचा आपापसांत एक वेगळाच संसार चालायचा. मुंबईच्या बोर्डावरची डायस, तिला मी जन्मात पाहिलं नव्हतं, पण तिच्या मुलाला गोवर आला तेव्हा मीच औषध सांगितलं होतं. मी डायसला धरलं. डायसनं मद्रासला धरलं. तिथली तीच, गुरुवारी माझ्याबरोबर हसलेली. गजानन म्हणजे काय हे कळताच तिनं कोलंबोची लाइन अशी काही झटक्यात मोकळी करून दिली की मंत्र्यालाही मिळाली नसती.

कोलंबोला मिस परेरा म्हणून होती. तिचं इंग्रजी गोड आणि माझं सरकारी. मी म्हटलं, एक भारतीय मुलगा हरवला आहे, गुरुवारी बंदारवेलाहून त्यानं वाशीला कॉल मागितला होता, तो कुठल्या फोनवरून ते तुमच्या तिकिटावर असेल. तिनं नाव विचारलं. मी म्हटलं, त्याचं नाव अविनाश, पण तो नाडकर्णी मागतो.

"अच्छा, तो!" परेरा म्हणाली. "नसलेली माणसं शोधणारा! आमच्या तिन्ही गावांच्या मुली ओळखतात त्याला." म्हणजे तिकडेही आमच्यासारख्याच सीआयडी होत्या. फक्त त्या कॉल पुढे पाठवत होत्या.

पंधरा मिनिटांत तिनं बंदारवेलाच्या ऑपरेटरकडून माग काढला. स्टेशनजवळ एक खानावळवजा लॉज. मालक रिटायर्ड शाळामास्तर. मुलगा तिथेच आहे. मागच्या खोलीत. आजार काय, तर कांजिण्या!

मी हे खाली ओरडूनच सांगितलं. जिन्यावर काकू होत्याच, त्या वर आल्या. आत परक्या माणसाला मनाई होती, पण त्या दिवशी दारावरचा शिपाई दुसरीकडे बघत होता.

"कांजिणी? तेका गादयेर निजवल्यानी काय? पाल्यार निजवल्यानी?" काकूंनी विचारलं. मी परेराला विचारलं, परेरानं बंदारवेलाला, बंदारवेलानं मास्तरांना. उत्तर आलं की मास्तरांच्या बायकोनं चटईवर कडुनिंबाचा पाला अंथरून त्यावर झोपवलं आहे, उशाला टहाळ्या लावल्या आहेत, आणि पेज खायला घालतेय.

"कडूलिंब?" काकूंचा विश्वास बसेना. "लंकेत?" मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मगे माणसां चांगली आसत. मगे तो बरो होतलो." डॉक्टरनं सही करून सर्टिफिकेट दिलं असतं तरी त्यांना इतका धीर आला नसता.

पण बोलायचं कसं? लाइन इतकी बारीक की एका टोकाचं दुसऱ्या टोकाला ऐकू जाईना. शिवाय कांजिण्यांच्या पोराला मास्तर रिसीव्हरला हात लावू देईनात. इतर गिऱ्हाइकं होती त्यांची. मग आम्ही ठरवलं की निरोप हातोहात न्यायचा. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिलं वाक्य सांगितलं, "खाजवू नको म्हणान सांग."

मी डायसला म्हटलं, खाजवू नको. डायसनं मद्रासला इंग्रजीत सांगितलं. मद्रासनं कोलंबोला. कोलंबोनं बंदारवेलाला सिंहलीत. बंदारवेलानं मास्तरांना. आणि मास्तर, चाळीस वर्षं वर्गावर ओरडलेला माणूस, मागच्या खोलीच्या दिशेनं ओरडले. समुद्र ओलांडून सहा बायका आणि एक मास्तर मिळून त्या पोराला सांगत होतो की खाजवू नको.

मिनिटभरानं उत्तर उलट्या दिशेनं घरंगळत आलं, "तो म्हणतोय, मी खाजवत नाही."

"खोटा बोलता," काकू म्हणाल्या. "मगे तो माझोच झील." आणि त्या पहिल्यांदा हसल्या. अण्णाही हसले. आमच्या बोर्डावरच्या मुली रडत होत्या, त्याही हसल्या.

मग मी माझ्याकडून एक प्रश्न पाठवला. इतका आजारी होतास तर तार का केली नाहीस? पत्र का नाही? हा प्रश्न गेला आणि जे उत्तर आलं ते मी आजपर्यंत विसरलेले नाही. तो म्हणत होता, तार कशाला करू? तिन्ही वेळा घरून बरोबर उत्तर मिळालं की, असं कोणी इथे राहत नाही. आईला कळलंय म्हणून मी निर्धास्त झोपलो.

तीन आठवड्यांनी अविनाश घरी आला. अंगावर डाग, पिशवीत मास्तरांच्या बायकोनं दिलेला चहा आणि दालचिनी. सेक्टरात त्याची अशी काही मिरवणूक निघाली की रामानंतर हाच. माझ्याकडेही एक गोष्ट आली, जिची मला आजही लाज वाटते. डायसनं कौतुकानं ही हकिकत वरच्या साहेबांना सांगितली होती. साहेबांनी मला शाबासकीचं पत्र पाठवलं. परदेशात बेपत्ता झालेल्या तरुण पर्यटकाचा शोध तत्परतेनं लावल्याबद्दल. कर्णिकबाईंनी ते सगळ्यांसमोर चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता वाचलं, माझ्या हातात दिलं आणि चहाला निघून गेल्या. ज्यानं हरवलं त्यालाच शोधल्याचं बक्षीस! ते पत्र अजून कपाटात आहे. फ्रेम करावं असं कधी वाटलं नाही आणि फाडवलंही नाही.

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या सुट्टीत सामंतकाकू आल्या. बरोबर डबा होता. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "हां, आता भांडूया."

आणि भांडल्या. दहा मिनिटं, सगळ्या मुलींसमोर, तार सप्तकात. तुला कोणी शहाणपणा शिकवला, सरकारचे चार पैसे वाचवून तुला काय ताम्रपट मिळणार होता, पोराच्या अंगात ताप होता आणि तू फोन तोडत होतीस! मी मान खाली घालून ऐकत होते. एकेक शब्द खरा होता आणि खरं म्हणजे मला बरं वाटत होतं. त्या शाबासकीच्या पत्रानं जे होत नव्हतं ते या शिव्यांनी होत होतं. शेवटी मी म्हटलं, "काकू, माझं चुकलं. पण सरकारला फसवणं तरी बरोबर होतं का?"

"नाय," त्या म्हणाल्या. "चुकीचाच होता. दंड घे. पैसे घे. पण घंटी तरी वाजवक होयी होती तुया." आणि इथे त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्या माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या.

"सा दिवस त्या घैसासांच्या दारात बसलंय गो मी. देवाचा नाव घेयत बसलंय. कित्याक? तर फोन येतलो आणि मी म्हणतलंय, असो कोण हय रवत नाय. इतक्याच. दुसरा कायव नको होता माका. आणि ता तू बोललंस. तीन वेळा. ता वाक्य माझा होता गो, माझ्या झिलासाठी ठेवलेला. ता तू बोललंस."